सातवी खुर्ची

१

चौसष्ट-अकरा नंबरच्या पेटीतलं एक पान गेलंय, हे व्हर्ना होस्टेटरला मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी कळलं. सव्वीस वर्षं ती कॉलेजचा दफ्तरखाना सांभाळत होती. आदल्या दिवशी बाहेर काढलेल्या पेट्यांची पानं रोज सकाळी मोजायची, वहीत टीप करायची आणि कुलूप घालायचं, हा तिचा नेम. वहीत दोनशे चौदा पानं होती, पेटीत दोनशे तेरा भरली. तिनं तीनदा मोजली. मग खुर्चीत बसली आणि ऑरिन डीट्झला फोन लावला.

"ऑरिन, इकडे ये. आणि वाटेत कुणाशी गप्पा मारत बसू नकोस."

ही सूचना उगाचच होती. डीट्झ कुणाशीच गप्पा मारत नसे. कीफर बराकीतल्या या लष्करी अधिकाऱ्यांच्या कॉलेजचा तो सुरक्षा अधिकारी. त्याआधी बावीस वर्षं लष्करी पोलिसांत काढलेली. त्याचा मुलगा वेंडेल व्हिएतनाममध्ये मारला गेला, त्याला आता, १९७८च्या ऑक्टोबरात, अकरा वर्षं होत आली होती. तेव्हापासून डीट्झला कशाचंच फारसं काही वाटत नसे. थंडीत बोटं बधिर झाली की सुई टोचली तरी कळत नाही, तसं त्याचं आतून झालं होतं. काम मात्र चोख करायचा. लोक म्हणायचे, डीट्झ म्हणजे खमक्या माणूस. खमक्या कसला, बधिर होता बिचारा.

तो पोचला तेव्हा कमांडंट तिथे आधीच येरझाऱ्या घालत होते.

"काय गेलंय?" डीट्झनं व्हर्नाला विचारलं.

"बसण्याचा नकाशा. चौसष्ट-पासष्ट सालच्या तुकडीचा. दोन पानं होती, एक राहिलंय."

"राहिलेल्यावर काय आहे?"

"कुठल्या खुर्चीवर कोण बसायचं, ते."

"आणि गेलेल्यावर?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मोहोरबंद कागद मी मोजते. वाचत नाही. वाचायचे नसतातच ते."

"अहो, कार्बन कॉपी असणार ती!" कमांडंट वैतागले. "तेव्हा इथे प्रत्येक कागद दोन प्रतींत टाइप व्हायचा. शुक्रवारी सभागृहाला जनरल कॅव्हनॉंचं नाव द्यायचंय, कॉलेजचा इतिहास छापून यायचाय, आणि ही भानगड आत्ताच उपटायची होती! पण नियम नियम आहे. मोहोरेच्या पेटीतला कागद हरवला की दफ्तरखाना ज्याच्या ताब्यात, तो बडतर्फ. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पान आणा, डीट्झ. नाहीतर होस्टेटरबाईंना घरी बसावं लागेल, आणि तेही चोरीचा डाग घेऊन."

 व्हर्नानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला. लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती, या पेट्या म्हणजेच तिचा संसार. डीट्झला तिची दया यायला हवी होती. ती आली नाही, म्हणून तो कामाला लागला.

एकच गोष्ट त्याच्या डोक्यात बसेना. नक्कल चोरून नेईल कोण?

२

कॉलेजचा इतिहास लिहिणारे डॉक्टर लूमिस हे बिनलष्करी गृहस्थ. चार वर्षांपूर्वी आलेले. पाइप कायम तोंडात, आणि तो बहुतेक वेळा विझलेला.

"नववं प्रकरण हा माझ्या पुस्तकाचा कळस आहे, मिस्टर डीट्झ," ते म्हणाले. "इथली पद्धत तुम्हाला माहीतच आहे. बैठकीतलं बोलणं बाहेर न्यायला हरकत नाही, बोलणाऱ्याचं नाव न्यायचं नाही. म्हणजे कर्नल लोकांनी मोकळेपणानं बोलावं. त्यामुळे टिपणांत नावंच नाहीत. 'खुर्ची तीन म्हणाली, खुर्ची नऊ म्हणाली', असं सगळं. आणि नकाशा दहा वर्षं मोहोरबंद."

"आणि सातवी खुर्ची?"

लूमिस खुलले. त्यांनी पुस्तकाची मुद्रितं उघडली आणि घसा खाकरून वाचलं: "फेब्रुवारी पासष्ट. 'ज्या पोरांना आपण तिकडे धाडणार, त्यांना नेमकं काय जिंकून आणायला सांगायचं, हे या टेबलावरच्या एकालाही सांगता येत नाही. आणि ज्याला ते सांगता येत नाही, त्यानं पोरं मागू नयेत.' बघा! व्हिएतनामची खरी लढाई पेटायच्या आधी! मी नकाशा उघडला, सातव्या खुर्चीवर नाव निघालं एव्हरेट कॅव्हनॉ. मी त्यांना पत्र टाकलं. पहिल्या वर्षी त्यांचं उत्तर आलं, बोललो असेन. दुसऱ्या वर्षी आलं, बोललो होतो. यंदा तर ते भाषणांतही सांगतात."

"नकाशाचं दुसरं पान तुम्ही वाचलं होतं?"

"दुसरं? ती कार्बन कॉपी हो."

"वाचलं होतंत का, ते विचारतोय."

लूमिसांनी पाइप ठोकला. "दोन प्रती असल्या की एकच वाचतात, मिस्टर डीट्झ. मला काय तेवढाच उद्योग आहे?"

म्हणजे व्हर्ना मोजायची आणि वाचायची नाही, आणि हे वाचायचे पण मोजायचे नाहीत. डीट्झनं तसं वहीत लिहून ठेवलं.

मग त्यानं दफ्तरखान्याची सोमवारची नोंदवही मागवली. सोमवारी ती पेटी तिघांनी पाहिली होती. सकाळी लूमिस. अकरा वाजता स्वतः जनरल कॅव्हनॉ, जुन्या आठवणी चाळायला आलेले. आणि त्याच वेळी तिसरं कुणीतरी, बारीक तिरक्या अक्षरात सही केलेलं. जनरलसाहेबांसाठी व्हर्ना कॉफी आणायला गेली होती. तेवढी दहा मिनिटं टेबलावर लक्ष ठेवायला कुणी नव्हतं.

तिसरी सही होती अडेल मार्केटी हिची. कर्नल मार्केटीची बायको. वेंडेल ज्याच्या ब्रिगेडमध्ये होता, तो मार्केटी.

डीट्झनं नोंदवही मिटली.  नुसती मिटली.

३

मिसेस मार्केटी बराकीबाहेरच्या मोटेलमध्ये उतरल्या होत्या. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांना शुक्रवारच्या समारंभाचं बोलावणं होतं. कर्नल जाऊन सहा वर्षं झाली होती. बाई साठीच्या, बुटक्या, काळा स्वेटर घातलेल्या. समोर काकवीच्या केकचा तुकडा होता, त्याला काटासुद्धा लावलेला नव्हता.

"बसा ना, मिस्टर डीट्झ. वेंडेलचे वडील ना तुम्ही?"

"तुम्ही ओळखता मला?"

"ब्रिगेडमधले गेले त्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. आईवडिलांचीसुद्धा. तुम्हाला पत्र मी लिहिलं होतं. माझ्या नवऱ्याकडून, विन्सकडून, दोन ओळींच्या पुढे जाववेना, म्हणून उरलेलं मी लिहायची."

ते पत्र डीट्झला आठवत होतं. लोइसनं, त्याच्या बायकोनं, ते उभ्याउभ्याच वाचलं आणि स्वयंपाकाला लागली. त्यानंतर पोराचा विषय घरात फारसा निघाला नाही.

"सोमवारी दफ्तरखान्यात कशाला गेला होतात, बाई?"

"त्याचे कागद बघायला. त्याच्या हातचं काही असेल तर. काही नव्हतं, सगळं टाइप केलेलं."

"बैठकीत काय चालायचं, ते घरी सांगायचे का ते?"

"छे! पद्धतच तशी ना यांची. तोंडाला कुलूप." बाई किंचित हसल्या. "एवढंच कळायचं की दमून आलाय. नाताळापर्यंत बरा होता. नवं वर्ष लागलं आणि रोज संध्याकाळी डोकं धरून यायला लागला. डावा कान कोरियात गेलेला त्याचा. दिवसभर मान वाकडी करकरून ऐकायचा. मी तेल चोळून द्यायची."

डीट्झनं तेही लिहून घेतलं. सवयच होती ती.

"ते पान नाही मिळालं तर काय होईल?" बाईंनी विचारलं. आवाज अगदी सहज होता.

"होस्टेटरबाई जातील. सव्वीस वर्षांची नोकरी. जाताना कपाळावर चोर म्हणून शिक्का."

"पण त्यांचा काय दोष?"

"काहीच नाही. पण नियमाला त्याच्याशी काय करायचंय?"

मिसेस मार्केटींनी ताटली बाजूला सारली आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. डीट्झ उठला. दारापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की पान कसलं होतं, हे बाईंनी विचारलंच नव्हतं.

४

"टिपणं काढ," बुधवारी दुपारी त्यानं व्हर्नाला सांगितलं. "सप्टेंबरपासून जूनपर्यंत सगळी. आणि वाचायला बस."

"मी? मोहोरबंद कागद?"

"तीन वर्षांपूर्वी मोहोर फुटलीय त्यांची. आणि नोकरी जायचीच आहे तर वाचून तरी जाऊ दे."

"मेल्या, काय बोलतोस!" व्हर्ना म्हणाली, पण तिनं चष्मा चढवला.

नकाशाचं पहिलं पान मध्ये ठेवून दोघं समोरासमोर बसले. सोळा खुर्च्या. चार नंबरला व्हिन्सेंट मार्केटी, सातला एव्हरेट कॅव्हनॉ. सुरुवातीला सगळं कंटाळवाणं होतं. मग व्हर्ना खुदकन हसली.

"हा सात नंबरचा बघ रे. काहीही विषय काढा, याचं आपलं 'सिसिलीत आम्ही असं केलं होतं.' धान्यपुरवठा म्हटलं तरी सिसिली, रेल्वे म्हटलं तरी सिसिली."

"कॅव्हनॉ दुसऱ्या महायुद्धात सिसिलीत लढलेत."

"आणि चार नंबरला ऐकू कमी येत असावं. पानोपानी 'खुर्ची चार: पुन्हा सांगा.'"

"तो मार्केटी. कान गेलेला होता," डीट्झ म्हणाला आणि पानं उलटत राहिला. ऑक्टोबर झाला, नोव्हेंबर झाला, नाताळाची सुट्टी झाली. जानेवारीच्या तिसऱ्या बैठकीवर त्याचं बोट थांबलं.

"व्हर्ना, हे वाच."

"खुर्ची सात: पुन्हा सांगा," तिनं वाचलं. "बरं, मग?"

"पुढे."

"खुर्ची सात: मला या बाजूनं ऐकू येत नाही, पुन्हा सांगा." ती थबकली. भराभर पानं उलटू लागली. "आणि चार नंबर गप्पच झालाय. एकदाही विचारत नाही. अगं बाई! आणि सिसिली? सिसिली कुठे गेली?"

सिसिली अकराव्या खुर्चीवर गेली होती. जानेवारीपासून दर बैठकीला 'सिसिलीत आम्ही' म्हणत होती ती खुर्ची अकरा.

"जागा बदलल्या यांनी," डीट्झ म्हणाला. "नव्या वर्षात. बहिरा चारवरून सातवर गेला, सिसिलीवाला सातवरून अकरावर. ती कार्बन कॉपी नव्हतीच. पहिलं पान नाताळापर्यंतचं, दुसरं त्यानंतरचं."

 फेब्रुवारीचं टिपण व्हर्नानं स्वतःच शोधून काढलं. पोरं मागू नयेत, हे सातव्या खुर्चीचं बोलणं तिथे जसंच्या तसं होतं. त्याच्या खालची ओळ लूमिसांनी पुस्तकात घेतली नव्हती.

"खुर्ची अकरा," तिनं वाचलं. "'सिसिलीत आम्हाला कुणी असले प्रश्न विचारले नव्हते. अठरा महिने द्या, आटपून घरी येऊ.'"

 कुंपणापलीकडे गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"म्हणजे ते वाक्य त्या जनरलचं नाहीच," व्हर्ना म्हणाली. "त्यानं तर नेमकं उलटं सांगितलं होतं. आणि सोमवारी तो इथे आला, मला कॉफीला पिटाळलं... ऑरिन, त्यानंच नेलं ते पान!"

५

गुरुवारी सकाळी जनरल कॅव्हनॉ नव्या सभागृहासमोर उभे होते. कामगार शिडीवर चढून दगडी भिंतीवर त्यांच्या नावाची पितळी अक्षरं बसवत होते. अर्ध्याअधिक लागलेली होती. सत्तरीला टेकलेला हा उंच म्हातारा ती बघत होता, आणि खूश होता.

डीट्झनं सरळ आरोप केला नाही. त्याला बावीस वर्षांहून जास्त काळाची सवय होती. माणसाला बोलू द्यावं.

"तुमच्या वेळची बैठकीची खोली कशी होती हो, सर?"

"मस्त! जुनी इमारत, उंच खिडक्या. मी खिडकीपाशीच होतो, बाहेरची झाडं दिसायची. पण नवं वर्ष लागलं की सगळ्यांना उठवून दुसऱ्या जागी बसवायचे. माणसानं टेबलाची दुसरी बाजूही बघावी म्हणून. मला नेमकं खोली गरम करणाऱ्या रेडिएटरला पाठ लावून बसवलं. जूनपर्यंत पाठीचा पापड झाला!"

म्हातारा स्वतःच्याच बोलण्यावर हसला. डीट्झ त्याच्याकडे बघत राहिला. चोरी यानंच केली असती, तर हीच गोष्ट लपवायला केलेली असती. आणि इथे तर न विचारता, हसत हसत सांगून मोकळा झाला.

"सर, ते तुमचं वाक्य फेब्रुवारीतलं आहे."

"हो, आहे ना."

"फेब्रुवारीत तुम्ही रेडिएटरपाशी होतात. सातवी खुर्ची खिडकीपाशी आहे."

जनरलांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, मग डीट्झकडे.

"मग रेडिएटरपाशी कुठली?"

"अकरावी."

"अकरावी काय म्हणाली होती?"

डीट्झनं सांगितलं. सिसिली, अठरा महिने, सगळं. टिपणात जसं होतं तसं.

 शिडीवरचा कामगार 'एन'चं अक्षर घेऊन ते सरळ बसलंय का, असं खाली विचारत होता. कुणी उत्तर देईना.

"इतक्यांदा सांगितलं मी," शेवटी जनरल म्हणाले, "की सांगताना माझाच आवाज मला ऐकू यायला लागला होता. त्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा वाटलं, असेल बाबा, बोललो असेन. कुणाला नको असतं असलं काही बोललेलं?" त्यांनी टोपी काढली. "अठरा महिन्यांचं मात्र मला आठवतंय. ते मीच बोललो होतो."

मग त्यांनी मान वर केली आणि ओरडले, "ए बाबा, उतर खाली! आणि ती लावलेली अक्षरंही काढ!"

डीट्झ मागे वळला. आता एकच जण उरलं होतं.

६

"मी माझं गणित सांगतो," डीट्झ मोटेलच्या त्याच टेबलाशी बसून म्हणाला. "चुकलं तर थांबवा. दोन पानांतलं दुसरंच गेलं. नेणाऱ्याला ठाऊक होतं की ती दोन वेगळी आहेत. डॉक्टर लूमिसांना ते माहीत असतं तर त्यांनी ते प्रकरण लिहिलंच नसतं. व्हर्नानं चोरलं असतं तर गप्प बसली असती. एक पान कमी आहे हे तिच्याशिवाय दुनियेत कुणाला कळणार होतं? जनरलांनी जागा बदलल्याचं आपल्या तोंडानं सांगितलं. राहिलं कोण? नव्या वर्षापासून आपल्या नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं, असं मला एकाच माणसानं सांगितलंय. जागा बदलल्यामुळे बहिरा कान टेबलाकडे आला, हे तिनं रोज तेल चोळता चोळता ओळखलं होतं."

मिसेस मार्केटींनी त्याला थांबवलं नाही.

"पण एक मला कळत नाही," डीट्झ म्हणाला. "त्या पानामुळे तुमच्याच माणसाचं नाव मोठं होणार होतं. सभागृहावर ती अक्षरं त्याची लागली असती. मग तुम्ही ते चोरलंत कशाला?"

"तुम्हाला कळत नाही?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला?"

त्यांनी हातातला रुमाल टेबलावर ठेवला आणि सरळ त्याच्याकडे बघून बोलल्या.

"फेब्रुवारीत तो ते बोलला. आणि पुढल्या वर्षी ब्रिगेड घेऊन गेला. तीनशे सहा पोरं परत आली नाहीत. त्या सगळ्या आयांना मी लिहिलंय की तुमचं पोर कशासाठी गेलं, हे कर्नलना ठाऊक होतं. ती ओळ मी माझ्या हातानं लिहिलीय, तीनशे सहा वेळा. आणि आता पुस्तकात छापून येणार की त्याला ठाऊक नव्हतं, आणि हेसुद्धा ठाऊक होतं की आपल्याला ठाऊक नाही! शेवटी महिनाभर अंथरुणात तो तेच वाक्य म्हणत पडायचा. कॉलेजच्या बातमीपत्रात कॅव्हनॉच्या नावावर वाचलं तेव्हा मी देवाचे आभार मानले. म्हटलं, त्याला हवंय ना, घेऊ दे. आम्हाला ते झेपणारं नव्हतं. सोमवारी फक्त खात्री करायला गेले, की कुठे नाव नाही ना. दुसऱ्या पानावर होतं. मी ते स्वेटरच्या आत घातलं."

डीट्झ वाट बघत होता. आता राग येईल, असं त्याला वाटलं. वेंडेलला नेणारा हाच तो माणूस, आणि त्याला माहीत होतं. पण आतून काही हललं नाही. पाय झोपला की आपला पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटतो, तसं त्याचं त्यालाच वाटत होतं.

"मग गेले कशाला ते?"

"हुकूम आला. आणि म्हणायचा, पोरांना कुणीतरी नेणारच आहे. मी नेली तर निदान जपून नेईन."

"जपली?"

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही जपता आली."

त्या उठल्या आणि बॅगेतून घडी घातलेलं पान घेऊन आल्या. "मंगळवारपासून घास उतरत नाहीये. त्या बिचाऱ्या बाईनं माझं काय वाकडं केलं होतं? घेऊन जा. नाही, थांबा, मीच येते. तिच्या हातात मला द्यायचंय."

७

शुक्रवारी सकाळी दहा वाजता दफ्तरखान्यात व्हर्नानं पानं मोजली. दोनशे चौदा. ती रडली, आणि मिसेस मार्केटी तिचा हात धरून उभ्या राहिल्या. चोर आणि जिची चोरी झाली ती, दोघी एका रुमालाला नाक पुसत होत्या. कमांडंटना हे काही झेपेना.

"बरं तर," ते म्हणाले. "पान मिळालं, होस्टेटरबाई कामावर राहतील. मिसेस मार्केटींवर तक्रार नाही. जनरलसाहेबांनी नाव मागे घेतलंय. पुस्तकात नुसतं 'सातवी खुर्ची' असं येईल. इथली पद्धतच आहे ती. आणि ही दोन्ही पानं आणखी पंचवीस वर्षांसाठी मोहोरबंद. कुणालाच त्रास नको. इथे होस्टेटरबाईंची सही, आणि खाली सुरक्षा अधिकाऱ्याची."

व्हर्नानं सही केली. पेन डीट्झच्या पुढे आलं. त्यानं ते उचललं नाही.

"माझ्या बायकोला आधी वाचू द्या," तो म्हणाला.

"डीट्झ, ते नियमात बसत नाही."

"पोर तिचं होतं. तिनं वाचलं की सही करतो."

कमांडंटनी मिसेस मार्केटींकडे पाहिलं, त्या नको म्हणतील या आशेनं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "येऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "मी कुठे पळून जात नाही."

फोन व्हर्नानं केला. वीस मिनिटांनी लोइस आली. अंगावर कोट, कोटाखाली घरातला एप्रन तसाच राहिलेला. कशाला बोलावलंय, ते डीट्झनं तिला थोडक्यात सांगितलं. समोरची बाई कोण आहे, तेही सांगितलं. लोइसनं मान हलवली आणि फेब्रुवारीचं टिपण पुढे ओढलं. बोटानं ओळ धरून ती सावकाश वाचत गेली. शेवटाला पोचली, पुन्हा वर गेली आणि पुन्हा वाचलं.

मिसेस मार्केटी शिक्षेला उभं राहावं तशा उभ्या होत्या.

"माझ्या वेंडेलनं हेच लिहिलं होतं," लोइस म्हणाली.

डीट्झनं वळून तिच्याकडे पाहिलं. "कधी? कुठल्या पत्रात?"

"तुला नाही दाखवलं मी ते. त्यानं विचारलं होतं, आई, आम्ही इथे काय जिंकायचंय, कुणालाच सांगता येत नाही. मला वाटलं, पोर घाबरलंय." तिचं बोट अजून त्या ओळीवरच होतं. "मी त्याला रागावून लिहिलं. तुझ्या बाबांसारखा वाग म्हटलं. असले प्रश्न विचारू नकोस, म्हटलं, तुझ्या वरच्या लोकांना ते ठाऊक असतं. माझं पत्र पोचलं त्याला. त्याच्या सामानात परत आलं ते, उघडलेलं."

 मग लोइसनं मान वर करून मिसेस मार्केटींना विचारलं, अगदी हळू, "तो घाबरला नव्हता, हो ना?"

"नाही," मिसेस मार्केटी म्हणाल्या. "नव्हता घाबरला. शहाणा होता तुमचा मुलगा."

डीट्झनं खुर्ची ओढली आणि तो लोइसजवळ बसला. त्याला बसावंच लागलं. छातीत काहीतरी दुखत होतं, चांगलंच दुखत होतं, आणि अकरा वर्षांत असं काही त्याला दुखलं नव्हतं. त्यानं लोइसचा हात धरला आणि रडायला लागला. टेबलावरचा कागद त्याच्या सहीवाचून तसाच पडला होता, आणि कमांडंटनी त्याला पुन्हा सही मागितली नाही.